लिंबू चिरताच चाकू काळा का पडतो?

प्रश्न : नारायणगडाच्या यात्रेत स्वस्तातला घडीचा चाकू घेतला. लिंबू चिरताच पाते काळे पडले. लोहचुंबकाला तर ते चिकटते! मी फसलो का? आणि धार घरी लावता येईल का?

उत्तर : आधी लोहचुंबकाची शंका मिटवू. घरातली स्टीलची ताटे त्याला सहसा चिकटत नाहीत, म्हणून चिकटणारे पाते स्टेनलेस नसते, असा गैरसमज होतो. चाकूची पाती मात्र स्टेनलेसची असली तरी चिकटतात. तेव्हा या परीक्षेने काहीच ठरत नाही.

खरी खूण काळेपणाचीच. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते आणि त्याचा अदृश्य थर लोखंडाला झाकतो. तुमचे पाते साध्या कार्बन पोलादाचे दिसते. त्याला हे पांघरूण नाही, त्यामुळे लिंबाचे आम्ल थेट लोखंडाला भिडते आणि काळा थर बसतो. तो घासून काढू नका, पुढच्या गंजाला तो थोडाफार अटकाव करतो. तांबूस गंज मात्र लगेच पुसा. फ्रान्समधला १८९० पासूनचा ओपिनेल हा शेतकऱ्यांचा घडीचा चाकू आजही कार्बन पोलादात मिळतो आणि असाच काळवंडतो.

तुमच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांचा कोयता पाहा. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून घडवलेला कोयताही गंजतो, पण फडात कानस फिरवली की पुन्हा चालू लागतो. साध्या पोलादाचा हाच मोठा गुण : धार लवकर येते. म्हणून शिकायला स्वस्त चाकूच उत्तम.

दोन बाजूंचा, जाड आणि बारीक कणांचा दगड घ्या. धारेवर मार्करची शाई लावा आणि पाते साधारण वीस अंशांत कलते धरून दगडावर ओढा. शाई फक्त वरच्या कडेची गेली, तर पाते जास्त आडवे धरले आहे. फक्त टोकाची गेली, तर जास्त उभे. एक बाजू घासत राहिलात की दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागते. ती धारेच्या पूर्ण लांबीत लागली की बाजू बदला. शेवटी बारीक दगडावर हलक्या हाताने ती खरखर काढा. बहुतेकजण खरखर येण्याआधीच थांबतात आणि दगडाला दोष देतात.

फिरत्या चाकावर धार लावायला देऊ नका. तिथे पाते निळसर झाले, की पाणी पाजून आलेला कडकपणा गेलाच समजा.

वापरून झाल्यावर चाकू कोरडा पुसा आणि खोबरेल तेलाचा हात फिरवा. करडीचे तेल नको, ते वाळून चिकट होते. पाते अडकवणारी कळ नसेल, तर धार लावताना बोटे मुठीच्या खाचेपासून दूर ठेवा.