बंदरावरची खासगी सहल : आधी वेळेचा हिशोब

व्यापारी बांधवहो, आपल्यातले पुष्कळ जण आता कुटुंबासह परदेशी फिरायला जातात. त्यात सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझ जहाजांची सफर अनेकांना परवडते आणि आवडते. जहाज सकाळी एखाद्या बंदराला लागते, दिवसभर थांबते आणि संध्याकाळी पुढे निघते. मधल्या वेळेत शहर पाहण्याचे दोन रस्ते आहेत. एक, जहाज कंपनीच्या बसमधून जाणे. दुसरा, स्वतः गाडी ठरवून जाणे. हा दुसरा रस्ता कसा धरावा, त्यात फायदा किती आणि धोका कोठे, हे आज मांडत आहोत. 2024 साली आम्ही घरची आठ माणसे सिंगापूर, बँकॉक, सायगाव आणि परत सिंगापूर अशी फेरी करून आलो. जे शिकलो ते एका चुकीतूनच शिकलो.

खासगी सहल कशासाठी?

पहिले कारण पैसा. जहाजाच्या सहलीचे दर माणशी असतात, भाड्याच्या गाडीचा दर गाडीमागे असतो. समजा, जहाजाची सहल माणशी 90 डॉलर आहे. आठ जणांचे 720 डॉलर झाले. आठ आसनांची गाडी दिवसभरासाठी 240 डॉलरला मिळाली, तर माणशी 30 डॉलर पडतात. हे आकडे समजण्यापुरते आहेत, पण हिशोबाची रीत हीच.

दुसरे कारण पसंती. जहाजाची बस चाळीसेक माणसांना ठरलेली ठिकाणे दाखवते, ठरलेल्या जागी जेवू घालते आणि ठरलेल्या दुकानात उतरवते. आम्ही कापडवाले. आम्हाला बँकॉकमध्ये बान क्रुआ ही वस्ती पाहायची होती. सेन सेप कालव्याच्या काठी चाम मुस्लिम विणकरांची ही जुनी वस्ती आहे. जिम थॉम्पसन या अमेरिकी गृहस्थाने थाई रेशीम जगाच्या बाजारात नेले, ते रेशीम सुरुवातीला याच विणकरांनी विणून दिले. त्याचे घर आता संग्रहालय आहे आणि ते कालव्याच्या पलीकडे समोरच आहे. त्यानंतर पाहुरातचा कापडबाजार पाहायचा होता. तेथे हिंदुस्थानी व्यापाऱ्यांची दुकाने पिढ्यान्पिढ्या आहेत. अशी निवड करायची तर आपली गाडी हवी.

धोका कोणाच्या माथी?

आता दुसरी बाजू. जहाजाच्या सहलीची बस वाटेत अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबते, किंवा त्या प्रवाशांना पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. खासगी गाडीतल्या माणसांसाठी जहाज थांबत नाही. माल निर्यात करणाऱ्यांना हे लवकर समजेल. न्हावा शेवाला कंटेनर कट-ऑफनंतर पोहोचला तर जहाज त्याची वाट पाहत नाही, तो पुढच्या जहाजावर जातो. माणसाचेही तसेच. फरक एवढाच की माणसाला पुढच्या बंदरापर्यंत विमानाने, स्वखर्चाने आणि व्हिसा असेल तरच जाता येते. म्हणजे जे पैसे वाचतात ते फुकट वाचत नाहीत. कंपनीच्या अंगावरची जोखीम आपण आपल्या अंगावर घेतो, त्याचा तो मोबदला आहे.

बंदर म्हणजे शहर नव्हे

जाहिरातीत बंदराच्या जागी शहराचे नाव असते, त्याला भुलू नये. ‘बँकॉक’ लिहिलेले असते, पण मोठे जहाज लागते लेम चबांगला. तेथून बँकॉक सुमारे सव्वाशे किलोमीटर, रस्ता मोकळा असेल तर दोन तास. ‘हो ची मिन्ह सिटी’ म्हणजे सायगाव, पण मोठी जहाजे बहुधा फू मीला लागतात आणि तेथून शहराला दीड ते दोन तास लागतात. क्वालालंपूरसाठी पोर्ट क्लांग, तेथून तासाभराचा रस्ता. लेम चबांग आणि फू मी ही कंटेनर व मालाची बंदरे आहेत. बाहेर पडल्यावर लगेच बाजार किंवा रिक्षा दिसेल ही अपेक्षा नको, गाडी आधीच ठरवलेली हवी.

उलट पेनांगला जहाज जॉर्ज टाउनच्या स्वेटनहॅम धक्क्याला लागते. तेथून कपितान केलिंग मशीद आणि जुना बाजार पायी पाहता येतो. सिंगापूरच्या दोन्ही क्रूझ धक्क्यांजवळ मेट्रोचे स्टेशन आहे, अरब स्ट्रीटच्या कापडदुकानांपर्यंत मेट्रोने जाता येते. अशा बंदरांवर मोठी गाडी ठरवणे म्हणजे पैशांची नासाडी.

फुकेतच्या पातोंगसारख्या ठिकाणी जहाज समुद्रात नांगर टाकते आणि छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेते. तेथे पहिल्या बोटी बहुधा जहाजाच्या सहलीवाल्यांना मिळतात. परतीचा हिशोबही शेवटच्या बोटीवरून करावा लागतो.

हिशोब शेवटाकडून सुरू करा

आपण दिवसाचा बेत सकाळपासून मांडतो. येथे तो संध्याकाळपासून मांडावा. लेम चबांगला आमचे जहाज सकाळी 7 वाजता लागून संध्याकाळी 7 वाजता सुटणार होते. वाचायला बारा तास. पण सर्वांनी जहाजावर हजर असण्याची वेळ 6 ची होती, तीच खरी. त्यातून एक तास राखीव काढला, म्हणजे बंदरावर 5 वाजता पोहोचायचे. परतीला रहदारी धरून अडीच तास, म्हणजे बँकॉक 2.30 ला सोडायचे. सकाळी सरकारी तपासणी होऊन खाली उतरायला 8 वाजणार आणि शहरात पोहोचायला 10.30. म्हणजे बारा तासांतले हाती उरले चार. चार तासांत दोन ठिकाणे आणि जेवण होते. तिसरे ठिकाण घातले की दिवस बिघडला.

आमची चूक

हिशोब बरोबर होता, घड्याळ चुकले. सिंगापूर आणि मलेशियाची वेळ थायलंड व व्हिएतनामच्या वेळेपेक्षा एक तास पुढे असते. काही जहाजे दर बंदरावर घड्याळ बदलतात, काही बदलत नाहीत. आमच्या जहाजाने सिंगापूरचीच वेळ कायम ठेवली होती. आदल्या रात्री खोलीत आलेल्या दैनिक पत्रकात ते छापले होते, आम्ही वाचले नाही. खाली उतरल्यावर मुलांनी फोनमध्ये तेथील सिम घातले आणि फोनने आपोआप थायलंडची वेळ धरली. पाहुरातच्या बाजारातून आम्ही निघालो तेव्हा फोनमध्ये 2.30 वाजले होते. जहाजावर 3.30 झाले होते.

हे ध्यानात आले ते भाभींमुळे. औषधाच्या गोळ्यांची वेळ पाहण्यासाठी त्या मनगटी घड्याळ वापरतात. ते सिंगापुरात लावल्यावर त्यांनी हात लावला नव्हता. वाटेत त्या म्हणाल्या, “भाई, माझ्या घड्याळात साडेचार झालेत, तुमच्या फोनात साडेतीन कसे?” गाडीत कोणी बोलेना. भाईजानचा चेहरा उतरला. आमचे पासपोर्ट त्या फेरीत जहाजाच्या कार्यालयात जमा होते आणि भाभींची पुढच्या चार दिवसांची औषधे खोलीत होती. चालकाने शक्य ते केले. जहाजाच्या वेळेने 5.50 ला आम्ही शिडीशी पोहोचलो. दहा मिनिटे शिल्लक होती.

तो जो एक तास राखीव ठेवला होता, त्यानेच आम्हाला वाचवले. सकाळी मुले म्हणत होती की हा तास फुकट जातो, तेवढ्यात आणखी एक मॉल होईल. धंद्यात हातात ठेवलेली रोकडही अशीच वाटते, अडचणीचा दिवस येईपर्यंत.

गाडी ठरवताना

1. व्यवहार लेखी करा. पूर्ण दर, टोल, पार्किंग, चालकाच्या थांबण्याचे तास, सगळे त्यात आले पाहिजे.

2. हवामान किंवा इतर कारणाने जहाज बंदराला लागलेच नाही, तर पैसे लागणार नाहीत, असे लिहून घ्या. बंदर वगळण्याचा हक्क जहाज कंपनी आपल्या अटींत राखून ठेवते.

3. आगाऊ रक्कम कमीत कमी द्या, बाकी परत बंदरावर आल्यावर.

4. खासगी गाड्यांना धक्क्यापर्यंत सोडतात की फाटकाबाहेर थांबवतात, हे आधी विचारा. भेटण्याची जागा आणि चालकाचा नंबर कागदावर ठेवा.

5. वाटेत कोणत्याही रत्नांच्या वा भेटवस्तूंच्या दुकानात थांबायचे नाही, हे आधी सांगा. तेथे चालकाला कमिशन असू शकते, वेळ मात्र आपला जातो.

6. परत निघण्याची वेळ चालकाला जहाजाच्या घड्याळाप्रमाणे आणि तेथील घड्याळाप्रमाणे, दोन्ही सांगा.

कागदपत्रे

व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी प्रत्येक बंदराची चौकशी करावी. हिंदी पासपोर्टवर सिंगापूरला व्हिसा लागतो आणि तेथूनच निघून तेथेच परतायचे असेल तर प्रवेश दोनदा होतो, म्हणून तो अनेक प्रवेशांचा आहे ना ते पाहावे. पासपोर्ट जहाजाकडे असेल तर त्याची प्रत, जहाजाचे कार्ड, थोडे स्थानिक चलन आणि एका दिवसाची जादा औषधे प्रत्येकाने जवळ बाळगावी. दैनिक पत्रकावर जहाजाच्या स्थानिक एजंटाचा नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवावा. जहाज चुकलेच तर पहिला फोन त्याला. प्रवास विम्यात जहाज चुकल्याचा खर्च मिळतो का, ते कलमही वाचावे.

फू मीला आमचे जहाज शुक्रवारी लागले. त्या दिवशी सर्वांची घड्याळे जहाजाच्या वेळेला लावली. दोंग दू रस्त्यावरच्या मशिदीत जुम्याची नमाज आणि चोलोनमधला कापडबाजार, एवढेच ठरवले. दक्षिण हिंदुस्थानी मुसलमानांनी 1935 साली बांधलेली ती मशीद आहे. नमाजेचा तास हिशोबात आधीच धरला होता. परत आलो तेव्हा पावणेदोन तास शिल्लक होते. धक्क्यावर बसून चहा घेतला आणि तो वेळ वाया गेला असे या वेळी मुलांनीही म्हटले नाही.