जुन्या फटफटीचा सायलेन्सर

आमची फटफटी जुनी येझदी आहे. तिचा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. एके दिवशी तिचा एक सायलेन्सर गंजून फुटला.

आम्ही फुटका सायलेन्सर पिशवीत घातला आणि शहरातल्या जुन्या बाजारात गेलो. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, हा घ्या. डोळे झाकून बसेल." आम्ही डोळे झाकले नाहीत. दोन्ही सायलेन्सर शेजारी ठेवून मापले. तोंड जुळले, लांबी जुळली. पट्टीचे भोक मात्र जुळेना. मग गावच्या वेल्डिंगवाल्याने पट्टी सरकवून जोडून दिली.

एक पोरगा म्हणाला, "आतली भोकांची नळी काढा. गाडी कशी गरजेल!" आम्ही नळी काढली, पण काजळी खरवडून परत बसवली. ती नळी आवाज दाबते. कायद्यानेही आवाज दाबणारा सायलेन्सर हवाच.

गाडी आम्ही अंगणात सुरू केली. बंद खोलीत कधी करू नये. धुरात एक विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला आधी गुंगी येते, मग जीव जातो.

तर बाबांनो, आधी मापा, मग पैसे द्या. आणि गाडी उघड्यावरच सुरू करा.