कर्जमंजुरीचे नियम संगणकावर आणताना

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत कर्जमंजुरीचे नियम संगणकावर आणायचे ठरले आहे. सॉफ्टवेअर कोणते घ्यावे?

उत्तर : सॉफ्टवेअर नंतर बघू. आधी एकच निर्णय निवडा, समजा सोनेतारण कर्ज, आणि तो प्रत्यक्षात कसा होतो ते शाखाधिकाऱ्यांशेजारी बसून लिहून काढा. उपविधीत नसलेले बरेच नियम त्यांच्या डोक्यात असतात.

मग निर्णय-तक्ता करा : डावीकडे अटी, उजवीकडे निकाल, एका ओळीत एक नियम. यासाठी डीएमएन नावाचे खुले मानक 2015 पासून उपलब्ध आहे. खरी कसोटी सीमारेषेवर लागते. एका ओळीत ‘50,000पेक्षा कमी’ आणि पुढच्या ओळीत ‘50,000पेक्षा जास्त’ लिहिले, तर नेमके 50,000 मागणारा सभासद कुठेच बसत नाही. उलट, दोन ओळी एकाच अर्जाला लागू पडल्या तर कोणती मानायची, हेही आधीच ठरवावे लागते.

प्रत्येक नियमाला ‘कधीपासून लागू’ ही तारीख हवीच. अर्ज नाकारला तर कोणत्या ओळीमुळे, याची नोंद राहिली पाहिजे. सभासदाला कारण सांगता येत नसेल, तर ती यंत्रणा नको.

शेवटी, मागच्या वर्षीची निकाली प्रकरणे तक्त्यातून चालवून पाहा. निकाल वेगळा आला की संगणक चुकला असे लगेच धरू नका. अनेकदा कुणीतरी समजून-उमजून सवलत दिलेली असते. तिचा नियम करायचा की ती समितीच्या हातात ठेवायची, हे संचालक मंडळाने ठरवावे. प्रोग्रामरवर ते सोपवू नका.