विजेचा दर ठरवतो कोण?

वीजबिल वाढले की आपण यंत्रमागवाले आणि कापड व्यापारी नाक्यावर बसून मंत्र्यांना दूषणे देतो आणि घरी जातो. परंतु विजेचा दर मंत्री ठरवीत नाहीत. ते काम १९९९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे आहे. भिवंडीत २००७ पासून वितरण खाजगी कंपनीच्या हाती असले तरी दर आयोगाचाच चालतो.

इस्लामी राजवटीत बाजारावर मुहतसिब नेमलेला असे. वजनमापे तपासणे, फसवणूक रोखणे हे त्याचे काम. आयोगाचेही तत्त्व तेच. महावितरण ही सरकारचीच कंपनी. विकणाऱ्यानेच भाव ठरवला तर घेणाऱ्याला इन्साफ कसा मिळेल? आणि निवडणुकीसाठी भाव पाडला तर तो तोटा पुढे कोणी भरायचा? म्हणून निवाडा तिसऱ्याकडे दिला.

२००३ च्या वीज कायद्यानुसार आयोगाच्या सदस्यांची मुदत पाच वर्षांची असते. त्याच पदावर पुन्हा नेमणूक होत नाही, म्हणजे मर्जी सांभाळण्याचे कारण उरत नाही. सरकारला एखाद्या वर्गाला सवलत द्यायची असेल तर कलम ६५ प्रमाणे ती रक्कम सरकारने आगाऊ भरायची असते. मात्र नेमणूक सरकारच करते आणि धोरणाबाबत निर्देशही देऊ शकते. तेव्हा आपण जागे राहिलो नाही तर हे स्वातंत्र्य कागदावरच राहील.

दरवाढीच्या अर्जाचा सारांश कंपनीला प्रसिद्ध करावा लागतो. लोकांच्या हरकती विचारात घेऊन आयोगाने १२० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. अशा जाहिराती आम्हीही अनेकदा रद्दीत टाकल्या, ही आमची चूक. हरकतीत "धंदा बसला" एवढे लिहून भागत नाही. माग किती, महिन्याचे युनिट किती, एक मीटर कापडामागे विजेचा खर्च किती, हे आकड्यांत मांडावे. निर्णय मान्य नसेल तर ४५ दिवसांत अपिलीय न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. एखाद्या बिलाची तक्रार असेल तर आधी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे आणि नंतर विद्युत लोकपालाकडे जावे.

पुढची जाहिरात दिसताच मोहल्ल्यातील दहा कारखानदारांनी बिले घेऊन एकत्र बसावे आणि मुदतीत हरकत पाठवावी. न मांडलेल्या हिशोबाचा निवाडा कोणीही करू शकत नाही.