तिरंगी भाटीची पिल्ले

मांजर कुणाला माहीत नाही? उंदीर मारते, दूध चोरते, चुलीपाशी ऊब घेत पडते. नराला आपण बोका म्हणतो, मादीला भाटी. पण एकाच भाटीच्या चार पिल्लांचे रंग वेगवेगळे का, असे कुणी विचारले की आपण गप्प बसतो.

आमच्या घरी एक तिरंगी भाटी आहे. पांढऱ्या अंगावर काळी आणि तांबडी ठिगळे. गेल्या पावसाळ्यात ती माळ्यावर व्याली. पिल्ले चार. दोन तांबडी, एक आईसारखे तिरंगी आणि एक काळेभोर. आळीत बोका एकच, तोही तांबडा.

पिल्ले महिन्याची झाली तेव्हा आळीतल्या थोरल्या काकू पाहायला आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, बाप तांबडा, मग हे काळं कुठून आलं? काळ्याचा पायगुण वाईट. वेशीबाहेर सोडून या बघू."

आम्ही म्हणालो, "काकू, जरा बसा. कुठून आलं ते सांगतो."

मांजराच्या अंगात बारीक बारीक पेशी असतात. डोळ्यांना दिसत नाहीत इतक्या बारीक. एकेका पेशीत धाग्यांच्या १९ जोड्या असतात. या धाग्यांना गुणसूत्रे म्हणतात. दर जोडीत एक धागा आईचा, एक बापाचा. रंग, केस, डोळे, सगळे यांवरून ठरते.

यातली एक जोडी निराळी आहे. भाटीच्या या जोडीत दोन्ही धागे मोठे. बोक्याच्या जोडीत एक मोठा, एक लहान. बोक्याला मोठा धागा मिळतो तो आईकडून, आणि लहान बापाकडून. तांबडे व्हायचे की काळे, हे या मोठ्या धाग्यावर असते. म्हणजे बोक्याचा तांबडा किंवा काळा रंग आईकडूनच येतो. बापाचा त्यात हात नाही.

भाटीला मात्र दोन मोठे धागे. एक तांबडा, एक काळा असेल तर? पिल्लू पोटात घडत असतानाच दर पेशीत दोनांपैकी एक धागा निजतो. जिथे काळा निजला तिथे तांबडे ठिगळ, जिथे तांबडा निजला तिथे काळे. मेरी लायन या इंग्रज बाईंनी १९६१ साली उंदरांवरून धागा निजण्याची ही गोष्ट मांडली.

पांढऱ्याचे निराळे. रंग देणाऱ्या पेशी पाठीकडून अंगभर पसरतात. जिथे पोचत नाहीत, तिथे केस पांढरे. म्हणून पोट आणि पंजे पांढरे असतात.

आता कळेल की तिरंगी मांजर बहुधा भाटीच का असते. तिरंगी बोका हजारोंत एखादा. त्याला चुकून दोन मोठे धागे मिळालेले असतात.

धाग्यावर जणू अक्षरे लिहिलेली असतात. तुम्ही आत्ताच अक्षरे शिकलात, एक गळाले की शब्द कसा बदलतो ते तुम्हाला ठाऊक आहे. तांबड्या मांजराच्या मोठ्या धाग्यातली सुमारे ५,००० अक्षरे गळालेली असतात. जपानातल्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी वेगवेगळे शोधून हे २०२५ साली छापले.

मग आम्ही काकूंना म्हणालो, "बाप तांबडा आहे, तेव्हा हे काळं पिल्लू बोकाच असणार. उचलून पाहा." काकूंनी पिल्लू उलटे करून पाहिले. बोकाच निघाला! (भाटी निघाली असती, तर दुसऱ्या गल्लीतला काळा बोका येऊन गेला, असे समजावे लागले असते. एका वेताच्या पिल्लांना दोन बापही असू शकतात.)

काकूंनी भाटीच्या पाठीवरच्या काळ्या ठिगळाला बोट लावले. "म्हणजे हे इथलंच की! आईचंच!"

"हो. पायगुणाचा यात काय संबंध? विलायतेत पुष्कळ लोक काळं मांजर शुभ मानतात."

काकू काही बोलल्या नाहीत. पिल्लू मांडीवरून खाली ठेवले आणि घरी गेल्या. चार दिवसांनी निरोप आला, "आमच्या कणगीत उंदीर फार झालेत. तो काळा बोका मोठा झाला की आम्हाला द्या."