तुकड्याचा रिपोर्ट आला, ब्लॉकही मागून घ्या

वयस्कर माणसाला रात्री लघवीला सारखे उठावे लागते, धार बारीक होते. घरचे म्हणतात, वयाचे दुखणे आहे. बहुतेक वेळा ते खरेही असते, कारण प्रोस्टेट ग्रंथी वयाबरोबर वाढते. पण शंका आली की डॉक्टर रक्तातील पीएसए तपासतात आणि गरज पडल्यास सुईने ग्रंथीचे दहा-बारा बारीक तुकडे काढतात. हीच बायोप्सी. कर्करोग आहे का आणि कोणत्या प्रकारचा, हे तुकडा सांगतो.

तुकडा फॉर्मलिनमध्ये टिकवून मेणात बसवतात. हा झाला ब्लॉक. त्याचे केसाहून पातळ काप काचेवर घेऊन रंगवतात. पेशींची केंद्रके निळी, बाकी भाग गुलाबी दिसतो. निरोगी ग्रंथीत पेशींचे दोन थर असतात, कर्करोगात सहसा बाहेरचा थर नाहीसा होतो.

काही प्रकार फसवे असतात. 'फोमी' प्रकारात पेशी फेसाने भरल्यासारख्या आणि निरुपद्रवी दिसतात. तेव्हा बाहेरचा थर आहे का, हे पाहण्यासाठी आयएचसी ही खास रंगतपासणी करतात. 'स्मॉल सेल' हा दुर्मीळ प्रकार झपाट्याने पसरतो, तरी पीएसए अनेकदा वाढलेला नसतो. त्यात नुसते हार्मोनचे उपचार पुरत नाहीत, केमोथेरपी लागते. म्हणजे प्रकार ओळखण्यात चूक झाली तर उपचारही चुकतो.

मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची उभारणी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी केली. बाहेर झालेल्या बायोप्सीचे ब्लॉक व काचा आजही तेथे पुन्हा तपासल्या जातात. त्यासाठी बहुधा नव्याने सुई टोचावी लागत नाही.

जुन्नर-आंबेगावातून पुण्या-मुंबईला जाणाऱ्यांनी एवढे करावे :

१. रिपोर्टबरोबर ब्लॉक व काचा मागून घ्याव्यात. ब्लॉक उन्हात ठेवू नये, मेण वितळते.

२. डॉक्टरांना विचारावे : प्रकार कोणता? ग्लीसन किती? आयएचसी केली का?

३. लघवीतून रक्त जात असेल किंवा कंबरेची हाडे सतत दुखत असतील, तर पीएसए कमी आहे म्हणून गप्प बसू नये.

४. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे.

लाजेपायी दुखणे लपवू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे वाचून दाखवा.