तैलत्वचा, मुखदूषिका आणि वाळलेला लेप

तारुण्यपिटिकेचा रुग्ण आपल्याकडे क्वचितच प्रथम येतो. मुलतानी माती, लिंबाचा रस, दिवसातून पाच-सहा वेळा साबण आणि औषधाच्या दुकानातून आणलेले एखादे मलम असा प्रवास करूनच तो वैद्याकडे पोहोचतो. या सर्व उपायांमागे एकच कल्पना असते : त्वचा तेलकट आहे, म्हणून ती कोरडी केली पाहिजे. खेदाची गोष्ट अशी की, आपल्यापैकी अनेकांची लेपचिकित्साही याच कल्पनेवर चाललेली दिसते.

सुश्रुतांनी ही व्याधी क्षुद्ररोगांत वर्णिली असून कफ, वात व रक्त यांच्या दुष्टीने तरुणांच्या मुखावर सावरीच्या काट्यांसारख्या पिटिका येतात असे म्हटले आहे. वाग्भट त्यांना मेदोगर्भ म्हणतात. शार्ङ्गधरांनी मुखावरील स्निग्धता व पिटिका यांना धातुमलांच्या क्रमात अखेरचे, म्हणजे शुक्रधातूचे, स्थान दिले आहे. यौवनारंभीच हा विकार का उद्भवतो याचे उत्तर त्यात आहे. आधुनिक शास्त्रानुसारही त्वचेतील तैलग्रंथी अँड्रोजेन संप्रेरकांच्या प्रभावाने या वयात अधिक स्रवू लागतात, रोमकूपाचे मुख केराटिनने अवरुद्ध होते व आत स्नेह साचतो. तात्पर्य, दोष मार्गावरोधाचा आहे. पृष्ठभागावरील तेल पुसल्याने ग्रंथीचा स्राव थांबत नाही आणि अवरोधही उघडत नाही. उलट अतिरूक्षणाने त्वचेचे बाह्य आवरण दुखावते, वात वाढतो, दाह व कंडू सुरू होतात. तेलकट कपाळ आणि पापुद्रे सुटलेले गाल एकाच चेहऱ्यावर दिसतात ते यामुळेच.

आता लेपाविषयी. शार्ङ्गधरांनी मुखलेपाचे दोषघ्न, विषघ्न व वर्ण्य असे तीन प्रकार सांगून त्यांची जाडी अनुक्रमे पाव, एकतृतीयांश व अर्धा अंगुल दिली आहे. लेप ओला असेपर्यंतच व्याधी हरतो, वाळल्यावर तो कांती बिघडवतो, असेही त्यांनी स्पष्ट केले आहे. वाग्भटांच्या मते लेप काढण्यापूर्वी तो पुन्हा भिजवावा. लेप असताना बोलणे, हसणे, ऊन व अग्नी वर्ज्य करावेत. अजीर्ण, पीनस, जागरण असता किंवा नस्य दिल्यानंतर लेप लावू नये. प्रत्यक्षात रुग्ण पातळसा लेप लावून दूरदर्शनसमोर बसतो आणि तडे गेल्यावर तो खरवडून काढतो. चिठ्ठीवर केवळ ‘लेपार्थ’ लिहून दिल्यास दुसरे काय होणार? पहिला लेप चिकित्सालयात स्वतः लावून दाखवावा, हे माझ्या मते आवश्यक आहे.

लेप काढल्यावर वाग्भटांनी अभ्यंग सांगितला आहे. मेदोगर्भ पिटिका असलेल्या तैलत्वचेवर मात्र मी तेल वा शतधौतघृत चोळत नाही. अवरोध वाढण्याचे भय असते. तेलविरहित, जलप्रधान मॉइश्चरायझर पुरेसे होते.

द्रव्यनिवडीतही अवस्था पाहावी. सुश्रुतोक्त वचा, लोध्र, सैंधव व सर्षप हा योग उष्ण-तीक्ष्ण आहे. कठीण, वेदनारहित, त्वचावर्णाच्या कफप्रधान पिटिकांवर तो उचित. परंतु लाल, दाहयुक्त, पूययुक्त पिटिकांवर लावल्यास रुग्ण दुसऱ्याच दिवशी परततो. तेथे लोध्र, चंदन, सारिवा, मंजिष्ठा यांचा शीत लेप द्यावा. लिंबाचा रस कोणत्याही अवस्थेत नको. तो लावून उन्हात गेल्यास त्वचा पोळून काळे डाग राहतात. पिटिका फोडू नयेत हे सांगावेच, कारण आपल्याकडील सावळ्या त्वचेवर डागच पिटिकेहून अधिक काळ टिकतात.

केवळ लेपावर विसंबणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. यौवनपिडकेत सुश्रुतांनी विशेषत्वाने हितकर म्हटले ते वमन होय. बल, वय व कोष्ठ पाहून वसंतात विधिवत वमन दिल्यास कफप्रधान रुग्णांत उत्तम उपशय मिळतो. पित्त-रक्तप्राधान्यात विरेचन योजावे. मिठाई, मैद्याचे पदार्थ, गोड पेये व दुधाचा अतिरेक कमी करावा.

सर्वांत सावध राहावे ते स्टेरॉइडयुक्त मलमे वापरलेल्या रुग्णाविषयी. ‘गोरेपणासाठी’ महिनोन्‌महिने लावलेल्या मलमात बहुधा क्लोबेटासॉल वा बीटामेथासोन निघते. शासनाने २०१८ मध्ये अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरी ती सहज मिळतात. एकसारख्या आकाराच्या पुळ्या, पातळ झालेली त्वचा, दिसू लागलेल्या सूक्ष्म सिरा, उन्हात जळजळ ही लक्षणे दिसताच मलमाची नळी मागवून घटक वाचावेत. येथे कोणताही तीक्ष्ण लेप देऊ नये. मलम अचानक थांबविल्यास विकार उसळतो व दोष आपल्या औषधावर येतो. म्हणून त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने ते सोडवावे व रुग्णास याची पूर्वकल्पना द्यावी.

स्त्रीरुग्णात अनियमित आर्तव, हनुवटीवर लव व वजनवाढ आढळल्यास बीजकोषाची तपासणी करून घ्यावी. आयसोट्रेटिनॉइन घेत असलेल्या विवाहितेस गर्भधारणेविषयी अवश्य विचारावे. त्या औषधाने गर्भात गंभीर विकृती होते. कोणत्याही चिकित्सेचे फल सहा ते आठ आठवड्यांपूर्वी ठरवू नये, आणि हा अवधी पहिल्याच भेटीत रुग्णास सांगावा.